तिघांपुरतं

डब्यावर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर एकच शब्द: कडू.

फ्रीजरचं दार उघडं ठेवून निशिगंधा तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली. अक्षर सासूबाईंचं, यात शंका नव्हती. डबाही त्यांचाच, कऱ्हाडहून येताना आणलेला, कडीचा, स्टीलचा. आत पिवळंधमक पिठलं आणि भात, दोन्ही गोठून दगड झालेलं.

निशिगंधाचा रविवार म्हणजे अख्ख्या आठवड्याचा स्वयंपाक. राजमा, छोले, भाज्या, अर्धवट भाजलेल्या पोळ्या. सगळं डब्यांत भरायचं, नावं चिकटवायची आणि फ्रीजरमध्ये रचायचं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवरा मिहीर विमा कंपनीत, लेक शमिकाची शाळा आणि मग क्लास. हा खटाटोप केला नसता तर जयपूरच्या विद्याधर नगरातलं ते घर बाहेरच्या खाण्यावरच जगलं असतं. सासूबाई प्रभाताई मात्र फ्रीजरला ‘शिळ्याचं कपाट’ म्हणत. मायक्रोवेव्हमधलं अन्न त्यांच्या घशाखाली उतरत नसे. ज्याला जाळ लागला नाही ते कसलं गरम, असा त्यांचा सवाल. आल्यापासून त्यांचं आणखी एक टुमणं होतं: समोरच्या दारातल्या माणसांचं नाव काय? निशिगंधाला ते माहीत नव्हतं आणि विचारायला सवड नव्हती.

तिला मनापासून एवढंच हवं होतं, की या बाईंनी एकदा तरी आपल्या हातचं खाऊन ‘बरं झालंय’ म्हणावं. ती जयपूरलाच वाढलेली. पिठलं तिने जन्मात केलं नव्हतं. तरी मागच्या रविवारी मोबाइलवर बघून, बेसनाच्या गुठळ्यांशी झटापट करून तिने ते केलं आणि खास सासूबाईंसाठी छोटे छोटे डबे भरून ठेवले. आता ते डबे घासून ओट्यावर पालथे घातलेले होते. म्हणजे सगळं पिठलं या एका डब्यात कोंबून वर हा शेरा मारला होता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“हा काय शेरा आहे, आई?”

प्रभाताई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. डब्याकडे बघून गोंधळल्या.

“राहू दे तो तिथंच. लागेल तुला.”

“लागलाच की,” निशिगंधा म्हणाली.

तिने डबा नळाखाली धरला आणि आतला गोळा कचऱ्याच्या बादलीत पाडला. प्रभाताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटून त्या गॅलरीत जाऊन बसल्या. काही गोष्टी सासूने सुनेला तोंडाने सांगायच्या नसतात, असं मानणाऱ्या पिढीतल्या त्या. पुढे दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. निशिगंधाने डबा घासला, चिकटपट्टी नखाने खरवडून काढली आणि पुढच्या रविवारपासून त्यात राजमा भरायला लागली. चांगला डबा वाया कशाला घालवायचा?

महिनाही झाला नाही, आणि प्रभाताई पहाटे झोपेतच गेल्या.

दुपारी सगळं उरकून तिघं घरी परतली. मजल्यावरची माणसं येऊन हात जोडून गेली होती, ‘कुछ काम हो तो बताइएगा’ असं म्हणून. त्यांची काही चूक नव्हती. यांनी तरी कधी कुणाची बेल वाजवली होती? अंघोळी झाल्या. घर सुन्न होतं. शमिका आजीच्या खाटेपाशी उभी राहून हळूच म्हणाली, “मम्मा, मला भूक लागली. मतलब, आत्ता असं म्हणायचं नसतं का?”

तेवढ्यात कऱ्हाडहून चंद्रकांतमामांचा फोन आला. प्रभाताईंचे ते धाकटे भाऊ. निघालोय, पण पोचायला उद्या उजाडेल, असं म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, “सूनबाई, आज गॅस पेटवू नकोस हं. तो कडू घास तेवढा गरम करून घ्या.”

“कडू घास म्हणजे?”

“ज्या घरात मयत होतं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, पोरी. शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, तो कडू घास. अक्काला त्याचाच घोर लागला होता. म्हणायची, इथं आमचं कोण ओळखीचं, पोरं उपाशी राहतील. म्हणून मीच करून ठेवलाय म्हणाली, सूनबाईच्या फ्रीजरात, तिघांपुरता. त्या यंत्राला जाळ नसतो, म्हणजे चूल पेटवल्यासारखं व्हायचं नाही.” मामा रडता रडता हसले. “डब्यावर नुसतं ‘कडू’ लिहिलंय म्हणाली. पुढचं लिहायला हात धजावला नाही तिचा. आणि तुझंही पिठलं बरं झालं होतं म्हणे. सगळं एकटीनंच संपवलं, असं सांगत होती.”

फोन कानाशी तसाच धरून निशिगंधा स्वयंपाकघरात गेली. फ्रीजर गच्च भरलेला होता.

स्टीलचा डबा पुढेच होता. तिने कडी काढली. आत राजमा होता, तिच्या हातचा, चौघांना पुरेल एवढा.