एक बेड शिल्लक

पापणी लवायच्या आत पान उघडलं. मुलांचा वॉर्ड : एक बेड शिल्लक.

साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते. "झकास. हीच घेऊन टाकू."

हॉस्पिटलच्या वेबसाइटसाठी दोन कॅशिंग लायब्ऱ्यांमधली, म्हणजे साइटचा वेग वाढवणाऱ्या तयार कोडमधली, एक निवडायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. दोघींचं काम एकच. एकदा मिळालेलं उत्तर जवळ ठेवायचं आणि पुढच्या माणसाला तेच द्यायचं, म्हणजे मूळ नोंदीकडे सारखं धावायला नको. पहिली लायब्ररी मुदत संपेपर्यंत तेच उत्तर बिनधास्त देत राही. दुसरी दर वेळी आधी विचारून येई, काही बदललंय का. त्यात पान जरा अडखळे. सकाळपासून पहिली खऱ्या साइटवर चालू होती. मुदत तिनेच ठरवली होती, सढळ हातानं.

साहेब गेले, पण तिचा जीव थाऱ्यावर येईना. चहा आणला, तो तसाच निवला. पान पुन्हा उघडलं. एक बेड शिल्लक. परत उघडलं. एक बेड शिल्लक. मुलांच्या वॉर्डात बेड इतका वेळ रिकामा राहतो?

तिची वहिनी त्याच वॉर्डात नर्स होती. तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, तुमच्या वॉर्डात बेड आहे ना रिकामा?"

"कुठला गं. मघाशीच भरला. मी लगेच कॉम्प्युटरवर टाकलंसुद्धा." मागे कुणाचं तरी मूल किरकिरत होतं. "आणि आता हे जोडपं येऊन बसलंय. केवढ्या लांबून आलेत. पोर तापानं फणफणलंय."

"मग?"

"बाकावरच सलाईन लावलंय. दुसरीकडे विचारतोय. ठेवते मी."

तिने पहिली लायब्ररी काढली, दुसरी बसवली. घाईत दोनदा चुकली. पान उघडताना अडखळलं, मग म्हणालं : बेड शिल्लक नाही.

साहेब लगबगीनं आले. "साइट हळू का झाली?"

"दुसरी लावली."

"अगं, पण पहिली वेगवान होती ना?"

"होती."

"मग हॉस्पिटलवाल्यांना मी काय सांगू?"

"सांगा, क्षणभर थांबावं लागेल."

ते काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठून खिडकीशी गेली.

"मिळाला गं बेड," वहिनी म्हणाली. "पलीकडच्या हॉस्पिटलात. आत्ताच अ‍ॅम्ब्युलन्सनं नेलं पोराला. डॉक्टर म्हणाले, सावरेल."

तिने श्वास सोडला. वहिनीने मात्र फोन ठेवला नाही.

"ती आई जाता जाता मला मोबाइल दाखवत होती. भांडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, 'सिस्टर, इथं तर होता. मग आमचा कुणाला दिलात?'"