रणधीरचा टर्बो

भूमच्या रणधीरनं आपल्या पंधरा वर्षांच्या छोट्या गाडीला मोठ्या हौसेनं टर्बो बसवून घेतला. इंजिनाला असा जोर आला, की बायको हर्षालीच्या माहेरी, जळकोटला, गाडी नेहमीपेक्षा पाऊण तास आधीच पोचली. छाती फुगवून त्यानं हर्षालीला विचारलं, "कसं वाटलं?"

"गाडी लई पळती," ती म्हणाली. "पण घरी तुम्ही मोबाईलमधून डोकं वर काढत न्हाय. माझ्याशी बोलता ते गाडीतच. त्यातला पाऊण तास तुम्ही आज कापून टाकला."

दोन महिने गॅरेजच्या चकरा मारून आपण काय कमावलं, ते रणधीरला तिथंच कळलं.

 

परतताना उसाचा ट्रॅक्टरवाला हात दाखवून 'पुढं जा' म्हणत राहिला, आणि रणधीर बायकोशी गप्पा मारत त्याच्या मागंच राहिला.