गेनोवेफाचा वाटा

भिंतीवरचा फोन पुन्हा वाजायला लागला, तशी उर्शुलाने बिटाचं सार ढवळायचं सोडलं आणि फोनकडे पाठ करून उभी राहिली.

लेओकाडियाचाच असणार. आणि लेओकाडिया हल्ली खुशाली विचारायला फोन करत नसे. गावातल्या बायकांनी रोझरीची माळ आपसांत वाटून घेतली होती. जिने तिने आपला वाटा रोज घरी म्हणायचा, सगळ्यांचा मिळून जप पुरा व्हायचा. साथीमुळे चर्चला कुलूप लागल्यापासून एकमेकींशी तेवढाच काय तो धागा उरला होता. कुणी मेलं की तिचा वाटा दुसरीला द्यायचा, माळ तुटू द्यायची नाही. हे द्यायचं काम लेओकाडियाकडे, आणि ती ते फोनवरून उरकायची.

गेनोवेफाला परवाच दवाखान्यात नेलं होतं. उर्शुलाची लहानपणापासूनची मैत्रीण, प्रवचनात तिच्याच खांद्यावर मान टाकून घोरणारी. तिचा वाटा आपल्याच गळ्यात पडणार, हे उर्शुलाला ठाऊक होतं. आपण हो म्हणत नाही तोवर गेनोवेफा जिवंत आहे, असं काहीतरी खुळं तिने मनाशी धरलं होतं.

फोन थांबला. पुन्हा वाजला. दुपारभर तेच चाललं. शेवटी डाव खाली ठेवून तिने जाऊन फोन उचलला आणि पलीकडचं काही ऐकायच्या आत सांगून टाकलं, "तिचा वाटा मी घेणार नाही, लेओकाडियाबाई. दुसरं कुणीतरी बघा."

पलीकडे नुसती धाप ऐकू आली. मग आवाज आला, बारीक, पण चिडका.

"कुणाचा वाटा गं?"

गेनोवेफाच होती, दवाखान्यातून. उर्शुला स्टुलावर मटकन बसली.

"अगं मेले, सकाळपासून फोन का उचलत नाहीस?" गेनोवेफा थांबत थांबत म्हणाली. लेओकाडियाने सगळ्यांना कळवून टाकलं होतं, उर्शुला फोन घेत नाही, बहुतेक गेलीच. "तुझा वाटा मी मागून घेतला. म्हटलं, परक्या बाईकडे कशाला जायला हवा. निम्मा म्हणून झाला. आता दम पुरत नाही."

"आणि तुझा?"

"तो राहिलाच."

उर्शुलाला रडू फुटलं. ॲप्रनला डोळे पुसत ती म्हणाली, "गप्प पड आता. नुसती ऐक." आणि घ्यायचा नाही म्हणून दिवसभर जीव मुठीत धरून बसली होती, तोच गेनोवेफाचा वाटा तिने मोठ्याने म्हणायला घेतला.

एक 'नमो मरिया' संपवून ती श्वास घ्यायला थांबली, तर पलीकडून लगेच घाबरा आवाज आला.

"आहेस ना गं?"