पाच वाजता सुटणारे मुडदे

"थांबव, थांबव! तो मी!" श्यामकांत सोफ्यावरून असे उठले की मांडीवरच्या बशीतला सगळा चिवडा राजवीरच्या पायांवर सांडला.

टीव्हीवर नारळाच्या बागेतून मुडदे चालत येत होते. तोंडाला मैदा फासलेला, दोन्ही हात पुढे ताणलेले. त्यातल्या एकाच्या खिशाला चक्क पेन होतं. भक्तीने लगेच ओळखलं. पेन न घेता बाबा मेलेसुद्धा नसते.

'मुर्दा टापू' नावाचा हा सिनेमा अंदमानात निघाला, तेव्हा श्यामकांत तिथल्या एका सरकारी ऑफिसात कारकून होते. डायरेक्टरचे पैसे पहिल्याच आठवड्यात संपले. मग त्याने साहेबांच्या हातापाया पडून अख्खं ऑफिस मुडदे म्हणून मागून आणलं, बायकापोरांसकट. पण ते पडले सरकारी मुडदे. पाच वाजले की घरी. त्यामुळे रीटेक नाही. जे कॅमेऱ्यात आलं ते सिनेमात गेलं.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये ही गोष्ट दर दिवाळीला सांगितली जायची. सिनेमा मात्र कुणीच पाहिला नव्हता. राजवीरने तो करोल बागेतल्या एका म्हाताऱ्या कॅसेटवाल्याकडून मिळवला आणि पेन ड्राइव्हवर घालून आणला. होणाऱ्या सासऱ्याला खूश करायला बिचाऱ्याने एवढं केलं.

गरजही तशीच होती. राजवीर पानिपतचा, घरचा चादरींचा धंदा. "मराठ्यांनी एकदा जाऊन बघितलंय पानिपतला," असं बाबा दोन महिने म्हणत होते. आज चहा झाला की ते त्याला गोड शब्दांत नकार देणार होते. "आमच्या घरात असली प्रेमबिमाची भानगड कुणी केलेली नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तुझ्या आईला मी पहिल्यांदा पाहिलं ते पोह्यांच्या बशीआडून. काय बिघडलं आमचं?" आणि बाबा नाही म्हणाले तर पळून जायची हिंमत भक्तीत नव्हती.

"अंकल, फिर से दिखाऊँ?" म्हणत राजवीरने सिनेमा मागे नेला.

मुडदे पुन्हा चालू लागले. या वेळी भक्तीने नीट पाहिलं. सगळ्यांचे दोन्ही हात पुढे होते. बाबांचा एकच. दुसरा खाली होता, शेजारच्या मुडदीच्या हातात. लांब वेणीची ती मुडदी मैद्याखालून हसत होती. बाबाही हसत होते. बाबांना असं हसताना भक्तीने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई! ही तू?" भक्ती ओरडलीच. "म्हणजे तुमचं लव्ह मॅरेज! आणि मला पोह्यांच्या गोष्टी सांगता? कमाल आहे यार तुमची!" आनंदाने तिला रडूच यायचं बाकी होतं.

"मी नाही ती," हेमलता म्हणाल्या. "मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते. समुद्रसुद्धा बघितला नव्हता मी."

राजवीरला मराठी येत नव्हती, पण एवढं त्यालाही कळलं. त्याने हळूच रिमोट मांडीखाली सरकवला.

श्यामकांत खाली बसले. "कुमुदिनी," ते टीव्हीकडे बघतच म्हणाले. "आमच्या हेडक्लार्कची मुलगी. बंगाली. अप्पांनी, तुझ्या आजोबांनी, नाही म्हटलं, मग मीही नाही म्हटलं. झालं गेलं, संपलं."

भक्तीला बाबांची कीव आली. आणि आईकडे नजर गेल्यावर बाबांचा रागही आला.

हेमलतांनी ना आवाज चढवला, ना डोळ्यांना पदर लावला. तो हसणारा तरुण मुडदा झाडांमागे दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग राजवीरकडे वळल्या.

"बेटा, मम्मी-पापा को लेकर कब आ रहे हो?"

"अगं, पण मी अजून हो कुठे म्हटलंय?" श्यामकांत कसेबसे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," हेमलता म्हणाल्या. "याला आज परत पाठवलंत, तर उद्या कुठली तरी पोरगी याच्या गळ्यात माळ घालेल आणि जन्मभर माझ्यासारखी शेजारी बसून राहील. तिनं माझं काय घोडं मारलंय?"