खालची फळी

नवऱ्यामुलाची आई अनुसूयाबाई रुखवत बघायला आल्या त्या चष्मा पुसतच.

लग्न उद्या सकाळी होतं. झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरची पुढची खोली रिकामी करून तिथं रुखवत मांडलं होतं. नवरीमुलीची कमळामावशी एकेक वस्तू दाखवत होती. "हे अभ्रे आमच्या स्नेहूनं भरले. हा मण्यांचा पोपटही स्नेहूनंच केला." अभ्रे सदर बाजारातले होते आणि पोपट शेजारच्या मिश्राइननं करून दिला होता. पण रुखवतात असंच सांगायचं असतं आणि बघणाऱ्यांनी असंच ऐकून घ्यायचं असतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

अनुसूयाबाई शहरातल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. भरतकाम हातात आलं की त्या आधी उलटं करून बघत. पुढून काय, कुणीही छान करतं. गाठी आणि लोंबते धागे सापडतात ते मागं. त्यांनी अभ्रे उलटे केले, "हं" म्हणाल्या आणि ठेवून दिले. मावशीनं ते पुन्हा सुलटे केले.

मग त्यांनी शिसवी महिरप उचलली. देव्हाऱ्याला लावायची, वीतभर उंच. दोन मोर, मध्ये वेल, सगळी जाळी आरपार कापलेली.

"ही कुणी केली?"

मावशी तोंड उघडणार तेवढ्यात वधूपिता नारायणराव पुढं झाले. "ती मी केली, विहीणबाई. पार्सल ऑफिसातून आलं की दुसरं काम काय असतं?"

स्नेहलता दारात उभी होती. तिनं वडिलांकडं पाहिलं. अख्ख्या रुखवतात तेवढी एकच वस्तू तिच्या हातची होती.

सासरी नेण्यासाठी तिनं मागितलंही एकच होतं. पायानं चालवायचं नक्षीच्या करवतीचं मशीन. विलायतेला निघालेल्या एका गार्डसाहेबाच्या सामानाच्या लिलावात नारायणरावांनी ते शिवणाचं मशीन समजून विकत घेतलं होतं. घरी येऊन झाकण काढतात तो काय, सुईच्या जागी करवत! कॉलनी महिनाभर हसली. स्नेहलता मात्र त्याच्यासमोर बसली ती बसलीच. पण सुतारकाम करणारी सून त्या घरात कशी चालायची? नारायणरावांना धास्ती होती की हे कळलं तर लग्नच मोडेल. मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

अनुसूयाबाईंनी महिरप उलटी केली. वेलीवरून, मोरांच्या मानांवरून अंगठा फिरवला.

"लाकूड मागनं फुटतं ना? आमच्या दारांना जाळी केली तेव्हा बढई रोज शिव्या घालायचा. मागच्या अंगाला ढलप्याच ढलप्या. हिला एक कुसळ नाही. कसं जमवलंत?"

"काचकागद," नारायणराव म्हणाले. "खूप घासली."

अनुसूयाबाईंनी करंगळी मोराच्या डोळ्यावर टेकवली. आत जाईना. "इथं कसा घातलात काचकागद?"

नारायणरावांनी खिशातून रुमाल काढला. मावशीनं चहाचं विचारलं.

"पातं बारीक दातांचं लावायचं," स्नेहलता दारातूनच म्हणाली. "फळी ढकलायची नाही, करवत घेईल तेवढीच द्यायची. आणि खाली एक रद्दी फळी चिकटवायची. दोन्ही एकदम कापायच्या. फुटायचं ते खालचीचं फुटतं."

"अगं!" एवढंच नारायणराव म्हणाले.

"ती खालची टाकलीस?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"चुलीत घालणार होते. आहे अजून."

"आण."

चहाच्या खोक्याची फळी होती ती. तेच दोन मोर, तीच वेल. पण मागनं कडा जागोजाग उसवलेल्या, सगळीकडं कुसळं उभी राहिलेली, एका मोराची चोच गेलेली. अनुसूयाबाईंनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि खरबरीत फळीकडंच जास्त वेळ पाहिलं.

"माझ्या रुखवतात माझ्या हातचं काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "सगळं माझं म्हणून मांडलं होतं. मशीन कुठंय?"

"मागच्या पडवीत. विकायचंय," स्नेहलता म्हणाली.

"पोरीचा खुळा नाद होता हो," नारायणराव घाईघाईनं म्हणाले. "तुमच्या घरी असलं काही..."

"आमच्या घरी माझ्या सासूबाई आहेत अजून. त्यांना नाही खपायचं. म्हणून मी सांगणार, मशीन मीच मागून घेतलं."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, अनुसूयेनं मुलीच्या बापाकडचं सुताराचं मशीनसुद्धा सोडलं नाही. म्हणू द्या जी, फुटायचं ते माझं फुटू दे. उद्या सामानाचा तांगा येईल, त्यात आधी ते चढवा."

"आणि या महिरपीचं काय सांगू?" मावशीनं विचारलं. "कुणी केली म्हणून?"

"खरं सांगा की. रुखवतात एखादं खरंही खपून जातं."

त्यांनी महिरप होती तिथं ठेवली आणि खालची फळी काखेत धरली. चंदेरी शालूचा पदर कुसळांत अडकला, एक धागा ओढला गेला. स्नेहलता पुढं झाली.

"थांबा, सोडवते."

"राहू दे गं," अनुसूयाबाई म्हणाल्या आणि तशाच पायऱ्या उतरल्या.