फिल्टरातलं पाणी

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, तेव्हा ती त्याच्या इतकी जवळ उभी राहिली की त्याला कोपर हलवायला जागा उरली नाही.

“ताई, जरा उजेड सोडा.”

ती एक पाऊल मागे सरली. नजर मात्र तिथेच. महिन्याभरात तिसऱ्यांदा ती चालवत असलेली हॉस्पिटलची व्हॅन बंद पडली होती आणि तिन्ही वेळा आत डायलिसिसला निघालेले पेशंट होते. आधी दोनदा याच माणसाने गाडी सुरू करून दिली होती. दुरुस्त झालेली गाडी दहा दिवसांत परत याच दारात येते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तिला कळत होतं. म्हणून या वेळी तिने डिझेलचा फिल्टर स्वतः दुकानातून आणला होता. त्यावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपकाही लावला होता.

मेकॅनिकने फिल्टर हातात फिरवून पाहिला. “हे काय?”

“खूण. नवा बसवला सांगून जुनाच पुसून लावतात लोक.”

“लोक,” तो म्हणाला.

त्याने खणातून एक पक्कड काढली. तोंड आडवं वळलेलं, जबडे अर्धगोल.

“ही कशाला? पेचकसाने निघत नाही का?”

“निघतो. पण पाइपाचा खटका तुटतो. मग डिझेल झिरपतं, आणि तुम्ही म्हणणार, मेकॅनिकने मुद्दाम तोडला.”

“म्हणणारच.”

त्याने जबडे सांध्यावर बसवले, दोन्ही बाजूंनी एकदम दाबले. टक्. पाइप अलगद त्याच्या तळहातात आला. मग दुसरा. काम सफाईदार होतं, पण एरवी तोंडाला कुलूप नसलेला हा माणूस आज तिच्याकडे बघतही नव्हता. तिचा नवरा अकरा वर्षं इथेच गाडी आणायचा. खांदा मोडून तो घरी बसला आणि व्हॅन तिच्याकडे आली. तेव्हापासून ती इथे येत होती.

त्याने जुना फिल्टर एका कापलेल्या बाटलीत उपडा केला. क्षणभर सगळं गढूळ दिसलं. मग वर पिवळसर डिझेल तरंगलं आणि खाली चार बोटं पाणी स्वच्छ वेगळं झालं.

“पंपवाल्याची भेसळ,” ती म्हणाली.

“त्याच पंपावर हॉस्पिटलच्या बाकीच्या गाड्या भरतात. त्या पडल्या बंद?”

नव्हत्या पडल्या.

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“पहिल्यांदा मलाही पंपच वाटला.”

“आणि दुसऱ्यांदा?”

तो फडक्याने पक्कड पुसत राहिला. ती कधीच स्वच्छ झाली होती.

“दुसऱ्यांदा गाडी बंद पडायच्या आदल्या दिवशी तुमचे मिस्टर आले होते. सहज बसले. बोलता बोलता म्हणाले, टाकीत थोडं पाणी गेलं तर इंजिन कायमचं जातं, की गाडी नुसती बंद पडते?”

ती शेजारच्या टायरवर बसली.

“तुम्ही काय सांगितलंत?”

“थोडं असेल तर नुसती बंद पडते म्हणालो. मला काय माहीत, कशाला विचारतायत.” त्याने नवा फिल्टर बसवला, ठिपका तिच्या बाजूला येईल असा. “टाकीत अजून पाणी असणार. ती रिकामी करायला हवी. उद्या गाडी सोडा इथे.”

“उद्या आठला चार पेशंट आहेत,” ती म्हणाली.

घरी नवरा जेवायला थांबला होता. खांदा बरा होऊन दोन महिने झाले होते, पण हॉस्पिटलमधल्या ड्रायव्हरांच्या फळ्यावर अजून तिचंच नाव होतं.

“काय निघालं?” त्याने विचारलं. “मी म्हणतो ना, त्या गाडीला ओळखीचा हात लागतो. हॉस्पिटलवाल्यांना एकदा सांगून बघ.”

वाटेत तिने बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

“पुलावर बंद पडली ना, तेव्हा मागे मास्तरीणबाई होत्या,” ती म्हणाली. “तासभर अडकलो. पाय सुजून खांब झालेले, धाप लागलेली. माझा हात धरून विचारत होत्या, तुझ्या नवऱ्याचा खांदा आता कसा आहे गं?”

त्याचा घास हातातच राहिला.

“मेकॅनिक काय म्हणाला?” त्याने विचारलं.

“फिल्टर बदलला म्हणाला.”

ताटं उचलून ती आत गेली.

सकाळी जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि शेजारची जागा रिकामी होती. ती अनवाणीच अंगणात धावली. या वेळी रंगेहाथ धरायचं, दुसरा विचारच मनात नव्हता.

तो व्हॅनखाली पोत्यावर आडवा झाला होता. एकदा मोडलेला खांदा जमिनीला टेकलेला. टाकीच्या तळाचा नट काढलेला होता आणि खालच्या बादलीत धार लागली होती. बाजूला पंपावरून आणलेला डिझेलचा भरलेला कॅन होता.

तिची पावलं त्याला दिसली असावीत.

“किती वाजले?” त्याने खालूनच विचारलं.

“साडेसहा.”

“आठपर्यंत होईल.”

थोड्या वेळाने गाडीखालून त्याचा हात बाहेर आला. कोपरापर्यंत निथळणारा, पंजा उघडा.

“फडकं दे जरा.”

ती त्या हाताकडे बघत उभी राहिली. बादलीत आधी पाणी पडत होतं, मग डिझेल, मग नुसते थेंब.