फोटो कुणी देईना

सगळं जुळत आलं होतं आणि एका फोटोपायी अडलं होतं. लुंबिनीच्या फिल्ममधली बाई विधवा. तेव्हा तिच्या घरात हार घातलेला नवऱ्याचा फोटो हवाच. पण असला फोटो अख्ख्या नांदेडात कुणी देईना. जिवंत माणूस म्हणायचा, मला जितेपणीच हार घालता का? गेलेल्या माणसाचा फोटो घरचे खिळ्यावरून काढू देईनात. वर्गातल्या पोरांनी तर वडिलांचा फोटो मागताच कानांवर हात ठेवले.

उद्या सकाळी शूटिंग होतं आणि कॉलेजचा कॅमेरा परवा परत करायचा होता. लातूरची हिरोईन सारखी फोन करून 'येतेय हं नक्की' म्हणत होती. जितक्या वेळा ती नक्की म्हणायची, तितका लुंबिनीचा धीर सुटत चालला होता. घरांनीही कमी छळलं नव्हतं. एकानं ऐनवेळी भिंतींना गुलाबी रंग मारला. दुसऱ्याच्या घरी पोरीची सोयरीक जमली, मग विधवेचं शूटिंग आमच्याकडं नको म्हणून ते मोकळे झाले. शेवटी मुदखेडजवळच्या या गावात केवळाबाई भेटल्या. "या की," त्या म्हणाल्या, "एकटीच तर ऱ्हाते मी."

दुपारभर लुंबिनीची अंगणातून घरात आणि घरातून अंगणात अशी ये-जा चालली होती. केवळाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. शूटिंग कसलं ते बघायला आलेल्या बाया तूर निवडायला हात लावत आणि मध्येच विचारत, "मालक कवा येनार हायेत?"

"पोळ्याला," केवळाबाई एकीला म्हणाल्या. दुसरीला म्हणाल्या, "बगू. दिवाळीला येतील."

लुंबिनीनं हे या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. तिला दिसत होती ती फक्त समोरची भिंत. खिडकीतून तिच्यावर ऊन छान पडत होतं, आणि बरोबर त्या उन्हात एक रिकामा खिळा होता.

चहाला दूध नव्हतं म्हणून केवळाबाई शेजारी जावेकडं गेल्या. लुंबिनी फोनवर बोलत फाट्यापर्यंत गेली, हिरोईनचं अजून एक 'नक्की' ऐकून परत आली, आणि दारातच थबकली.

खिळ्यावर फोटो होता. फेटा बांधलेला, मिशीवाला माणूस. फोटो पार तांबूस पडलेला. त्याला झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं बोट.

"झालं का न्हाई काम?" अमरेश स्टुलावरून उतरत म्हणाला. हा देगलूरचा पोरगा, फिल्मची सगळी सजावट त्याच्याकडं. "फडताळात डब्यांमागं पडला होता. मावशीचे सासरे असतील, फेटा-बिटा हाय. खिळाबी तयारच होता बग."

लुंबिनीच्या जिवात जीव आला. किती दिवसांनी ती अशी मोकळी हसली. विचारायला हवं होतं, हे तिच्या डोक्यात यायच्या आतच मागं आवाज झाला.

"अगं माय. हे काय करून ठेवलं?" केवळाबाईंची जाऊ, धुरपताबाई, दारात उभी होती. तिच्यापुढं केवळाबाई, हातात दुधाचा तांब्या. "केवळाचा मालक हाय त्यो. लग्नातला फोटो हाय. इतकी वर्सं घरी आला न्हाई म्हनून काय झालं, कुठंबी असंना, जिता हाय माणूस. जित्याला हार घालता? उचला तुमचं बोचकं अन् निघा हितनं."

अमरेशचं तोंड उतरलं. लुंबिनीला आधी घर गेल्याचं वाईट वाटलं आणि मग केवळाबाईंचं. हा क्रम तिचा तिलाच आवडला नाही.

"मावशी, चुकलं आमचं. आत्ता काढते," असं म्हणत ती स्टुलावर चढली.

"थांब."

केवळाबाईंनी तांब्या खाली ठेवला. लुंबिनी उतरली तशा त्या स्वतः स्टुलावर चढल्या. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पदरानं काच पुसली, कुंकवाला धक्का न लावता. हार एका बाजूला कलला होता, तो सरळ केला.

"उद्याच हाय नव्हं तुमचं काम?"

"हो."

"करा मंग."

"केवळा, डोकं फिरलं का तुजं?" धुरपताबाईचा आवाज चिरकला. "लोकं काय म्हनतील?"

"फिल्लमचा हार हाय म्हनावं."

एवढं बोलून त्या चुलीकडं गेल्या. धुरपताबाई पाय आपटत निघून गेली. घर वाचलं होतं. फोटोही मिळाला होता, उन्हात अगदी हवा तसा. तरी लुंबिनीला कुठं बघावं कळेना. हातातला फोन वाजत होता, लातूरची हिरोईनच होती. तिनं उचलला नाही.

चुलीवर दूध वर आलं. केवळाबाईंनी पातेलं उतरवलं, चहा गाळला आणि एक कप लुंबिनीच्या हातात दिला. भिंतीकडं मात्र त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

"काम झालं की सामान न्या तुमचं," त्या म्हणाल्या. "हार तेवढा ऱ्हाऊ द्या."